ह्यो पडतोय की

दहावीपर्यंत मला माणसं काढता येतात असा माझा ठाम समज होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांना ए ग्रेड. स्मरणचित्राच्या पेपरला तर मी बिनघोर जायचे, कारण माझ्याकडे आठ माणसं तयार होती. कमरेवर कळशी घेतलेली पाठमोरी बाई, छत्रीवाला पाठमोरा म्हातारा, उकिडवा बसलेला मुलगा (तोही पाठमोराच), पिशवी घेतलेला सदऱ्यातला माणूस, अशी. विषय ‘बाजार’ आला की यांना बाजारात उभं करायचं, ‘सार्वजनिक नळ’ आला की नळावर, ‘बसथांबा’ आला की थांब्यावर. पाठमोरी अशासाठी, की चेहरा काढावा लागत नाही. हात पिशवीत नाहीतर पदराखाली घालायचे आणि पावलं गवतात बुडवायची. एकदा परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारच्या शाळेतल्या मुलीच्या कागदावर माझीच कळशीवाली बघितली आणि चाट पडले. ती बाई तालुकाभर फिरत होती.

कोल्हापुरात चित्रकलेला प्रवेश घेतला तेव्हा ही आठ माणसं सोबत होतीच. पहिलं वर्ष वस्तुचित्र, निसर्ग, रंगचक्र यात गेलं, त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. दुसऱ्या वर्षी फिगर, म्हणजे समोरचा माणूस बघून काढणं, सुरू झालं.

आमचा फिगरचा वर्ग म्हणजे पत्र्याच्या छताचा लांबट हॉल, मधे फूटभर उंचीचा लाकडी चौथरा आणि भोवती डाँक्या. डाँकी म्हणजे बसायचा अरुंद बाक, पुढच्या टोकाला बोर्ड टेकवायला आधार. घोड्यावर बसावं तसे दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. सलवारीला चारकोल कुठंकुठं लागायचा ते घरी आईला समजावून सांगणं अवघड होतं.

पहिलं मॉडेल म्हणून तात्या आले. सगळे त्यांना तात्याच म्हणायचे. आयुष्यभर मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचललेले, आता वय झाल्यावर हे काम. आमच्याकडे मॉडेल कपड्यांतच बसतं, फार तर पुरुषांना अर्ध्या चड्डीवर उभं करतात. मुंबईच्या जेजे स्कूलमध्ये ग्लॅडस्टन सॉलोमन १९१९ च्या सुमाराला प्रमुख झाले आणि त्यांच्या काळात तिथं नग्न मॉडेलवरून अभ्यास सुरू झाला, हे आम्ही कला-इतिहासाच्या तासाला लिहून घेतलं होतं. शंभर वर्षं झाली, पंचगंगेपर्यंत काही ते पोचलेलं नाही. असो. तात्या खाकी चड्डी आणि बनियनवर चौथऱ्यावर चढले, एका पायावर भार टाकून आरामात उभे राहिले, सरांनी खडूनं त्यांच्या पावलांभोवती रेघ मारली. वीस मिनिटं पोझ, पाच मिनिटं विश्रांती, परत त्याच खडूच्या रेघेत पाय.

मी डोळ्यापासून सुरुवात केली. एक डोळा, त्याच्या पापण्या, मग दुसरा. मग नाक. तासाभरात तात्यांचा चेहरा बऱ्यापैकी उतरला आणि मी मनात खूश. मग मान, खांदे, बनियन, चड्डी करत खाली आले तर गुडघ्याखाली कागद संपला. नडगीचा अर्धा भाग आणि पावलं बोर्डाच्या क्लिपेखाली गेलेली. सर मागून आले, म्हणाले, “पाय घरी ठेवून आलाय काय?” दुसरा कागद लावला. या वेळी पाय बसवायचेच म्हणून मांड्या आखूड केल्या. चेहरा मात्र सोडवेना. साधारण प्रौढ माणूस त्याच्या डोक्याच्या साडेसात पट उंच असतो, हे वहीत लिहिलेलं होतं. माझे तात्या साडेपाच डोक्यांचे झाले. बारशाच्या पाळण्यातलं मूल मिशा लावून उभं केल्यासारखे.

विश्रांतीत तात्या उतरले, पाणी प्याले आणि हात मागं बांधून एकेकाचा बोर्ड बघत फिरायला लागले. कुणाला काही बोलत नव्हते. माझ्यापाशी थांबले. मान वाकडी करून बघितलं. म्हणाले, “ह्यो पडतोय की.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“म्हंजे पडतोय. असं हुबं ऱ्हायलं तर मानूस पडंल. पोतं पाठीवर आसताना असा पाय टाकला तर संपलंच.”

वर्गात हशा पिकला. सर हसले नाहीत. त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली, दोरा बांधला आणि माझ्या चित्रावर धरला. वरचं टोक गळ्याच्या खाली, दोन हसळ्यांच्या मधल्या खळग्यावर. दोरा सरळ खाली आला तो पावलांच्या बाहेर, चार बोटं लांब, मोकळ्या जमिनीवर पडला. मग त्यांनी तात्यांना परत उभं केलं आणि तोच दोरा लांबून, एक डोळा मिटून त्यांच्यावर धरायला लावला. खळग्यातून निघालेला दोरा बरोबर त्यांच्या उजव्या घोट्यावर आला. सगळं वजन त्या पायावर होतं. डावा नुसता टेकवायला.

सर म्हणाले, “वजन कुठं आहे ते आधी सांगायचं. मग नाकडोळे.”

त्या दिवसापासून दोन वर्षं सरांनी मला जवळजवळ हा एकच प्रश्न विचारला. वजन कुठं आहे?

घरी जेवताना मी हे सांगितलं. माझे बाबा गवंडी. त्यांनी घास तोंडाशी नेता नेता थांबवला. “किल्ली कशाला बांधतोय तुझा मास्तर? वाऱ्यानं हलंल ती.” उठले, माळ्यावरच्या पिशवीतून त्यांचा जुना ओळंबा काढला. पितळी, शेंड्याला थोडा चेपलेला, दोऱ्याला सिमेंट लागून दोरा काथ्यासारखा झालेला. “भिंतीला लावतात तो मानसाला लावायलीस,” म्हणाले, पण दोरा स्वतः बदलून दिला.

दुसऱ्या दिवशी वर्गात ओळंबा काढला आणि माझं नाव ‘गवंडीण’ पडलं. अजून तेच आहे. ओळंबा हातात धरला की आधी थोडा वेळ डोलतो. तो थांबेपर्यंत काही करता येत नाही, नुसतं मॉडेलकडं बघत बसावं लागतं. पंखा चालू असला तर थांबतच नाही, म्हणून माझ्यासाठी एक पंखा बंद करायचा का यावर रोज भांडणं. पण त्या डोलणाऱ्या अर्ध्या मिनिटात मला जे दिसलं ते आधी कधी दिसलं नव्हतं. ज्या पायावर भार, त्या बाजूचं कमरेचं हाड वर उचललेलं. त्याच बाजूचा खांदा मात्र खाली आलेला. दोन्हींच्या मधे बरगड्यांखाली कातडीची घडी पडलेली, दुसऱ्या बाजूला पोट ताणलेलं. मोकळ्या पायाचा गुडघा पुढं आलेला. हे सगळं एकमेकांना बांधलेलं आहे. खांदा नुसता खाली काढला आणि कंबर सरळ ठेवली की तात्यांच्या भाषेत ‘ह्यो पडतोय’.

मी पावलांपासून काढायला लागले. आधी जमिनीची रेघ, त्यावर भाराचा पाय, मग वर. डोकं सगळ्यात शेवटी, एक लंबगोल. पहिले दोन महिने माझ्या फिगरला चेहराच नव्हता. आईनं एकदा वही उघडून बघितली आणि विचारलं, “ही भुतं कशाला?”

सरांनी लांब पोझ बंद करून तीस-तीस सेकंदांच्या दिल्या. त्यासाठी चांगला कार्ट्रिज कागद परवडत नाही, म्हणून छापखान्याची पाठकोरी रद्दी किलोवर आणायची. एका बाजूला लग्नपत्रिका, दुसऱ्या बाजूला आमचा हमाल. चारकोलचा तुकडा आडवा धरायचा, टोक वापरायचं नाही, खोडरबर वर्गाबाहेर. तीस सेकंदांत पापणी काढता येत नाही हा त्याचा मोठा फायदा. डोक्यापासून भाराच्या टाचेपर्यंत एकच वळण टाकायचं आणि बाकीचं त्याला टांगायचं. पहिल्या शंभरातलं एकही ठेवण्यासारखं नव्हतं.

शिवाय आठवड्याला शंभर रॅपिड स्केचेस बाहेरून आणायची. मी कागलच्या अलीकडच्या गावातून एसटीनं यायचे, त्यामुळं मध्यवर्ती बसस्थानक हा माझा दुसरा वर्ग झाला. तिथं एक अडचण होती. माणूस हलतो. तुम्ही खांद्यापर्यंत पोचलात की त्यानं पाय बदललेला असतो. पहिल्यांदा मी अर्धवट चित्रांचा ढीग घेऊन परत आले, रडवेली. मग लक्षात आलं की गाडीची वाट बघणारा माणूस पाय बदलतो खरा, पण थोड्या वेळानं जुन्या पायावर परत येतो. प्रत्येकाच्या उभं राहण्याच्या दोन-तीनच तऱ्हा असतात. मग मी एकाच पानावर एकाच माणसाची तीन चित्रं सुरू ठेवायला लागले. डाव्या पायावर गेला की हे, उजव्यावर आला की ते, खांबाला टेकला की तिसरं. गाडी लागली की तिन्ही अर्धवट, ते सोडा. पण अर्धवट असूनही उभी राहायची, पडायची नाहीत.

लोक बघतात, त्याला इलाज नाही. आपल्याकडं कुणी बघतंय हे कळलं की पुरुष पोट आत घेतात आणि बायका पदर सारखा करतात. दोन्हीनं चित्र बिघडतं.

एक गोष्ट अजून डाचते. मुलांना सरांनी तालमीत पाठवलं. कोल्हापूरसारखं गाव, शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ साली सुरू झालेलं खासबागचं मैदान इथं, पेठेपेठेत तालीम, पहाटे पाचला जोर-बैठका काढणारी पोरं. अॅनाटॉमीच्या तासाला प्लॅस्टरच्या सांगाड्यावर जे शिकवतात ते तिथं घाम गाळत जिवंत दिसतं. मांडीचा स्नायू गुडघ्याजवळ थेंबासारखा कसा लोंबतो, मान आणि खांदा यांच्यामधला उतार पैलवानात कसा भरून येतो. आमच्या वर्गातली पोरं पानांना लाल माती लागलेल्या वह्या घेऊन यायची आणि ऐटीत उघडायची. आम्ही तीन मुली एकदा गेलो तर उंबऱ्याच्या अलीकडंच थांबवलं. बायका आत येत नाहीत, रीत आहे. २०१६ ला साक्षी मलिकनं रिओत कुस्तीचं पदक आणलं होतं, तिला तरी आत सोडलं असतं का, असं मी विचारलं. मला नीट उत्तर मिळालं नाही. सर म्हणाले, तुम्ही मंडई करा.

मंडई केली. बसलेल्या बायकांची पन्नास-पन्नास चित्रं काढली. तिथं नऊवारीनं दमवलं. साडीच्या घड्या बघून काढल्या तर नुसतं कापडाचं गाठोडं दिसायचं, आत बाई नाही. घडी उगाच पडत नसते, ती कुठूनतरी ताणलेली असते. उकिडवं बसलं की गुडघ्याच्या वाटीपासून, वळलं की कमरेच्या हाडापासून. ताणाची दोन टोकं सापडली की मधल्या बाकीच्या घड्या सोडून दिल्या तरी चालतं. काढायच्या कमी आणि सोडायच्या जास्त.

पण खरं शिकले ते स्लॅबवर.

पाचगाव रस्त्याला बाबांचं काम चालू होतं. पहिल्या मजल्याचा स्लॅब ओतायचा होता, मी सुट्टी बघून वही घेऊन गेले. स्लॅब एकदा सुरू झाला की थांबत नाही. मिक्सर घरघरत असतो, खाली भरलेलं घमेलं उचलून डोक्यावर चुंबळीवर, मग फळ्यांच्या उतारावरून वर, वर ओतलं की रिकामं घेऊन दुसऱ्या बाजूनं खाली. बारा-चौदा बायका आणि पाच-सहा पुरुष, सकाळी सातपासून. मी वाळूच्या ढिगावर बसले. पहिला अर्धा तास काही काढलंच नाही.

भरलेलं घमेलं घेऊन चढणारी बाई कमरेच्या वर जवळजवळ हलत नाही. मान ताठ, हनुवटी किंचित आत, नजर समोर आठ-दहा पावलांवर. सगळं चालणं कमरेखाली चाललेलं. गुडघे जरा वाकलेले राहतात, पूर्ण सरळ होतच नाहीत. एक हात घमेल्याच्या काठाला नुसता लागलेला, धरलेला नाही. तीच बाई रिकामी उतरताना बघावी, खांदे सैल, हात झुलतायत, कंबर डावीकडे-उजवीकडे, बोलणंही सुरू झालेलं. एकाच बाईची दोन शरीरं. माझ्या इंटरमिजिएटच्या कळशीवालीच्या कळशीत पाणी कधी नव्हतंच, हे मला त्या ढिगावर बसून कळलं.

खाली एका कोपऱ्यात जागा अडचणीची होती, तिथं घमेली हातोहात जायची. देणारी पुढच्या पायावर झुकलेली, घेणारी मागच्या पायावर. घमेलं सरकलं की दोघींचं उलटं. मधे एक क्षण असा येतो की घमेलं दोघींच्याही हातात असतं. त्या क्षणी त्यातली एक निराळी काढली तर ती पडते. दुसरी निराळी काढली तर तीही पडते. मी ओळंबा काढून धरला आणि कुणाच्या गळ्यापासून सोडू तेच समजेना. शेवटी घमेल्याच्या मधून सोडला. दोरा दोघींच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर आला, जिथं कुणाचाच पाय नव्हता. त्या दिवशी मी हे एकच चित्र काढलं, चोवीस वेळा.

दुपारी भाकरी खायला सुट्टी झाली तेव्हा बायका भोवती जमल्या. वहीत चेहरे नाहीत हे बघून जरा नाराज झाल्या. एकजण म्हणाली, “मला काढ, पण बारीक काढ.” दुसरी म्हणाली, “गवंड्याची पोरगी हाय, भिंत काढल्यागत काढंल.” मुकादम ओरडला आणि सगळ्या उठल्या. मी वर बघितलं तर बाबा स्लॅबच्या कडेला उभे राहून माझ्याकडं बघत होते. उजव्या पायावर.

सोमवारी सरांनी ती चोवीस पानं जमिनीवर पसरली. बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “टाऊन हॉलला जाऊन ये.” तिथल्या वस्तुसंग्रहालयात ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली एक ब्राँझची मूर्ती आहे. पोसायडन, ग्रीकांचा समुद्रदेव. वीतभरही उंची नाही. सातवाहनांच्या काळात व्यापारातून कुठून कुठं येऊन पंचगंगेकाठी पोचलेली. एक हात वर, त्यातला त्रिशूळ हरवलेला. मी काचेबाहेरून ओळंबा धरायला लागले तर तिथला शिपाई धावत आला. त्याला समजावून सांगितलं. मग तोही एक डोळा मिटून बघायला लागला. ग्रीक शिल्पकारांनी ही भाराच्या पायाची गोष्ट येशूच्या आधी साडेचारशे वर्षं धरली होती. आपल्याकडं त्रिभंगातला कृष्ण तेच करतो. आणि विठोबा करत नाही. तो समचरण, दोन्ही पायांवर सारखा भार, हात कमरेवर. दिसायला सगळ्यात सोपा, पण काढून बघा. जरा चुकला की खांब होतो. मला अजून जमलेला नाही.

जमत नसलेल्या गोष्टींची यादी तशी मोठी आहे. समोरून बसलेल्या माणसाची मांडी, जी डोळ्याला वीतभर दिसते आणि हात मात्र हातभर काढतो. हाताचे पंजे. एकदा मॉडेल आलं नाही म्हणून मलाच चौथऱ्यावर उभं केलं, तेव्हा बाराव्या मिनिटाला माझ्या डाव्या टाचेत मुंग्या आल्या आणि पंधराव्याला कंबर आपोआप सरकली. समोरचे सगळे कुरकुरले. त्यानंतर तात्या जरा हलले तर मी कधी कुरकुर केली नाही.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मी आजीला काढलं. अंगणात, दगडावर बसलेली, कडेनं. तिला सांगितलं की हलायचं नाही. पाचव्या मिनिटाला म्हणाली, “आगं किती येळ? माझं ढुंगान धरलं.” तरी बसली. चार दुपारी मोडून मोठ्या कागदावर चित्र झालं. पाठीचा कणा मानेपासून निघून पुढं कसा वळतो, मांडीवर टेकवलेल्या कोपरातून वरचं अर्धं वजन कसं उतरतं, सगळं जागच्या जागी. सरांनी बघितलं आणि वजनाचा प्रश्न विचारला नाही. माझ्या दृष्टीनं ते पुरे होतं.

चित्र घरी आणून भिंतीला टेकवलं. आजी जवळ गेली, लांब आली, परत जवळ गेली.

“कोन ही म्हातारी?”

“तूच की.”

“मी न्हवं. मी येवढी वाकलीया व्हय?”

कुणी काही बोललं नाही. तिनं पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली. तेव्हापासून माझ्या हातात वही दिसली की आजी पाठ ताठ करून बसते, हात मांडीवर, फोटोला बसल्यासारखी. मला हवी ती पोझ आता मिळत नाही. चुलीपुढं भाकरी थापायला बसली की मी दाराआडून काढते, तेही तिनं मान वळवायच्या आत.